लाल डाग, अचानक बडबड आणि रात्रीची चक्कर : ज्येष्ठांच्या शुश्रूषेबद्दल वाचकांचे प्रश्न

घरोघरी वृद्धांची देखभाल करणाऱ्या मावश्या, केअरटेकर आणि वॉर्डात काम करणारे रुग्णसाहाय्यक यांच्याकडून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच विषयावर बरीच पत्रं आली, तिथे एक प्रातिनिधिक पत्र निवडलं आहे.

प्रश्न – मी रुग्णसाहाय्यकाचा सहा महिन्यांचा कोर्स केला. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड, चेतासंस्था सगळं पाठ केलं. आता ८२ वर्षांच्या आजोबांकडे बारा तासांच्या ड्युटीवर आहे, पण पाठ केलेल्याचा कामाशी मेळ बसत नाही. वय झाल्यावर शरीरात नक्की बदलतं काय?
– केअरटेकर, राजारामपुरी

उत्तर – ताई, एक गोष्ट पकडून ठेवा, म्हणजे बाकी सगळं तिच्याभोवती लागत जाईल. म्हातारपणी अवयवांचं रोजचं काम बहुधा नीट चालू असतं. कमी होते ती राखीव ताकद. तरुण माणसाला ताप आला, दोन जुलाब झाले, एक रात्र झोप झाली नाही, तर शरीर शिलकीतून खर्च भागवतं. ८२ वर्षांच्या शरीरात ती शिल्लक थोडी असते, म्हणून तेवढ्याच कारणाने माणूस अंथरुणाला खिळतो.

आता एकेक संस्था बघा. हृदयाची कमाल गती वयाबरोबर उतरते. ढोबळ हिशेब २२० वजा वय असा करतात, म्हणजे आजोबांची सुमारे १३८. तुम्ही घाईने जिना चढवलात तर वाढीव रक्त पुरवायला हृदयाला वावच नसतो, त्यांना दम लागतो. रक्तवाहिन्या ताठर होतात, म्हणून बीपीचा वरचा आकडा वाढतो आणि खालचा तितका वाढत नाही. छातीचा पिंजरा कडक होतो, खोकल्यातला जोर जातो, त्यामुळे कफ आतच राहतो. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता चाळिशीनंतर सरासरी वर्षाला सुमारे एक टक्क्याने कमी होत जाते, म्हणून औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. शरीरातलं पाणी तरुणपणी वजनाच्या सुमारे ६० टक्के असतं, ते ५० टक्क्यांच्या आसपास येतं आणि त्याच वेळी तहानेची जाणीवही बोथट होते. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला तरुणपणी महिनाभर लागतो, आता दीड-दोन महिने लागतात.

आणि ताप! वृद्धांचं मुळातलं तापमानच बरेचदा कमी असतं. आजोबांचं रोजचं ९७ अंश फॅरनहाइट असेल आणि आज ९९.२ भरलं, तर थर्मामीटर "ताप नाही" म्हणत असला तरी त्यांच्या शरीरासाठी तो ताप आहे. नेहमीपेक्षा २ अंशांनी वाढ झाली, किंवा तोंडातलं तापमान वारंवार ९९ च्या वर गेलं, की घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवा. यासाठी नेहमीचं तापमान माहीत असायला हवं. कामावर लागल्यावर पहिल्या आठवड्यात तब्येत बरी असताना रोज एकाच वेळी तापमान, नाडी, श्वास आणि बीपी वहीत लिहून ठेवा. नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर या वयात अनेकांना असलेली अनियमित लय निसटते. बीपी घेण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा, लघवी झालेली असू द्या, हात हृदयाच्या पातळीला टेकवा, बोलू देऊ नका. डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेला फिस्टुला ज्या हातात आहे, त्या हाताला पट्टा बांधायचा नाही.

प्रश्न – माझ्याकडच्या आजी चार महिन्यांपासून अंथरुणाला खिळून आहेत. माकडहाडावर लाल डाग आलाय. मी रोज तेल लावून तो चोळते, वर पावडर टाकते. खाली हवेची गोल रिंग दिली आहे. तरी डाग वाढतोय. घरचे मला बोल लावतात.
– मावशी, कसबा बावडा

उत्तर – मावशी, तुमची माया दिसते, पण चोळणं आजच्या आज थांबवा. तो डाग म्हणजे आत झालेल्या इजेची खूण आहे. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबलं जातं, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, पेशींना प्राणवायू मिळत नाही. अशा जागी चोळलं की आधीच कमजोर झालेल्या वाहिन्या फाटतात आणि जखम आतून मोठी होते. गोल रिंगही काढा. मधली जागा मोकळी राहते खरी, पण रिंगच्या कडेचा दाब सभोवतालचा रक्तपुरवठा अडवतो.

आधी डाग तपासा. बोटाने दोन-तीन सेकंद दाबून सोडा. फिका पडून पुन्हा लाल झाला तर रक्त फिरतंय. दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोरची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे जागा जांभळट दिसते का, आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार लागते का, कडक किंवा भुसभुशीत लागते का, हे हाताच्या पाठीने पाहा. फोड आला, साल निघाली तर दुसरी पायरी, आणि त्यापुढे काम डॉक्टर-सिस्टरांचं. काळी खपली दिसली तर घरात ती ओढून काढायची नाही.

दर दोन तासांनी कूस बदला आणि ते कागदावर लिहून भिंतीला लावा. सकाळी ८ ला डावी, १० ला पाठ, १२ ला उजवी, असं. डाग माकडहाडावर आहे तोवर पाठीवरची पाळी शक्यतो गाळाच. पूर्ण आडव्या कुशीवर मात्र झोपवू नका, सगळा भार मांडीच्या वरच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी किंवा घडी केलेली वाकळ लावून ३० अंशांच्या कलाने टेकवा. तुमचा तळहात आजींच्या माकडहाडाखाली सरकवून बघा. हाड मोकळं लागलं तर कल बरोबर आहे. दोन गुडघ्यांमध्ये उशी. पोटऱ्यांखाली अशी उशी द्या की टाचा हवेत राहतील, कारण टाचेवर मांस जवळजवळ नसतंच.

दुसरं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे घसरण. डोक्याकडची बाजू उंच केली की शरीर हळूहळू खाली सरकतं, पण कातडी चादरीला चिकटून राहते. आतले थर ताणले जातात. म्हणून जेवणाची वेळ सोडली तर डोकं ३० अंशांपेक्षा वर ठेवू नका, आणि वर घेताना काखेत हात घालून ओढू नका. जुनं मऊ लुगडं चार घड्या करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंथरा. दोन्ही बाजूंनी दोघांनी धरा आणि "एक, दोन, तीन" म्हणत उचलून सरकवा. एकटीने हे काम करू नका. त्यात आजींची कातडी जाते आणि तुमची कंबर.

लघवी-संडास झाल्यावर कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरा, टिपून कोरडं करा, पुसून घासू नका. त्यावर झिंक ऑक्साइडचं मलम पातळसर लावा. पावडर ओलाव्याने गोळे धरते आणि ते गोळेच टोचतात. एअर बेड आणला असेल तर त्यावर मेणकापड, गोधडी, दोन चादरी असे थर चढवू नका, गादीचं कामच बंद पडतं. आणि एअर बेड आहे म्हणून कूस बदलणं टळत नाही.

घरच्यांना सांगण्यासारखं एक राहिलं, खाणं. जखम भरायला प्रथिनं लागतात. बेडसोर असलेल्यांना साधारण वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम देतात, म्हणजे ५० किलोच्या आजींना दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, वाटीभर शिजलेल्या घट्ट वरणात ६-७, पेलाभर दुधात तेवढंच. नुसत्या पेजेवर आणि चहा-बिस्किटावर ठेवलेल्या माणसाची जखम कितीही ड्रेसिंग केलं तरी भरत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं.

प्रश्न – ७८ वर्षांच्या आजी परवापर्यंत व्यवस्थित होत्या. दोन दिवसांपासून असंबद्ध बडबडतात, दुपारी झोपतात, रात्री "दारात माणसं उभी आहेत" म्हणतात. सकाळी थोडं बरं, संध्याकाळी पुन्हा तेच. घरचे म्हणतात, म्हातारचळ लागला.
– केअरटेकर, इचलकरंजी

उत्तर – याला म्हातारचळ म्हणून गप्प बसू नका. आजच्या आज डॉक्टर. "परवापर्यंत व्यवस्थित" हे तुमचे शब्दच सगळं सांगतात. स्मृतिभ्रंश महिने-वर्षं घेत हळूहळू येतो. तासा-दिवसांत आलेला, दिवसभरात कमी-जास्त होणारा गोंधळ याला डिलिरियम म्हणतात, आणि त्यामागे जवळजवळ नेहमी शरीरातलं काहीतरी बिघडलेलं असतं. म्हातारा मेंदू हा घरातल्या सर्वांत नाजूक तारेसारखा असतो. बिघाड कुठेही झाला तरी दिवा तिथलाच लुकलुकतो.

कारण शोधायला डॉक्टरांना तुमची माहिती लागेल. फोन करण्याआधी पटकन एवढं बघा. लघवी किती वेळा, रंग काय, वास कसा, करताना जळजळ होते का? वृद्धांत मूत्रमार्गाचा संसर्ग ताप न येताही असतो. गेल्या २४ तासांत लघवी झालीच नसेल, किंवा थेंब थेंब होऊन ओटीपोट फुगलेलं दिसत असेल तर लघवी अडकली असेल. संडास कधी झाली होती? पाणी किती गेलं? नवीन गोळी कोणती सुरू झाली? झोपेची, खाजेची, सर्दीची, लघवीवर ताबा ठेवण्याची? दुकानातून आणलेली सर्दीची साधी गोळीसुद्धा पुरेशी होते. श्वास मिनिटाला २४ च्या वर आहे का? मधुमेह असेल तर शुगर लगेच तपासा. कुठे पडल्या-आपटल्या होत्या का? आणि चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात लुळा किंवा जीभ जड असेल तर हे सगळं सोडून १०८ ला फोन लावा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते सांगा. अर्धांगावरचं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

अशा गोंधळाचा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. त्यात माणूस बडबडत नाही, उलट गप्प पडून राहतो, हाक मारली तर उशिरा "ओ" देतो, जेवता जेवता झोपतो. घरच्यांना वाटतं, आज निवांत आहेत. वॉर्डात सिस्टरना हे आवर्जून सांगा, कारण शांत पेशंटकडे लक्ष कमी जातं.

पाण्याबद्दल. मार्च ते मे या काळात अशा तक्रारी वाढतात, कारण आजी पाणी मागत नाहीत आणि आपणही देत नाही. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी कमी प्यायला सांगितलं नसेल, तर दिवसाला दीड लिटरच्या आसपास द्रव जायला हवा. एकदम तांब्या पुढे करू नका. दर तासाला अर्धी वाटी द्या, ताक, सोलकढी, आमटीचं पाणी, पेज सगळं धरा. हाताच्या पाठीची कातडी चिमटीत धरून पाहायची पद्धत म्हाताऱ्यांत उपयोगाची नाही, ती तशीही सैलच असते. जीभ आणि गालाची आतली बाजू कोरडी आहे का, लघवी गडद आहे का, हे बघा.

तोवर खोलीत उजेड ठेवा, चष्मा आणि कानाचं यंत्र लावा, समोर घड्याळ आणि कॅलेंडर ठेवा. "इथे कुणी नाही हो, काय बोलताय" असं खोडून काढू नका. "मी आहे ना आजी, दार लावलंय" एवढं म्हणा. हात-पाय बांधू नका, गोंधळ आणि इजा दोन्ही वाढतात.

प्रश्न – बाबा रात्री लघवीला उठले की चक्कर येते. मागच्या आठवड्यात पडले. बीपी तपासलं तर नॉर्मल.
– वाचक, कागल

उत्तर – दादा, बीपी बसवून तपासलं असणार. आपण उठलो की रक्त पायांकडे उतरतं. मानेतल्या रक्तवाहिनीतली दाब ओळखणारी केंद्रं लगेच हृदयाला सूचना देतात आणि दाब सावरला जातो. वयाबरोबर ही सूचना उशिरा पोचते. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कारण सापडलं. ते तिन्ही आकडे डॉक्टरांना दाखवा. बीपीच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी हे वाढतं. गोळी स्वतः बंद करू नका, वेळ आणि मात्रा डॉक्टर बदलतील.

उठवायची पद्धत अशी. जाग आली की पडल्या पडल्या घोटे वर-खाली १०-१५ वेळा. कुशीवर वळून बसणं. पाय जमिनीला टेकवून एक-दोन मिनिटं थांबणं. मग आधार धरून उभं राहणं, वीस अंक मोजणं, आणि त्यानंतर पाऊल. भरपेट जेवणानंतरच्या दोन तासांतही दाब उतरतो, म्हणून रविवारच्या मटणाच्या जेवणानंतर लगेच आंघोळीला पाठवू नका.

पलंगाची उंची अशी हवी की बसल्यावर तळवे पूर्ण टेकतील आणि गुडघा काटकोनात राहील. वॉकरची मूठ हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीइतकी. रात्री मंद दिवा, पलंगाशेजारी कमोडची खुर्ची, न्हाणीत घट्ट बसवलेली दांडी. टॉवेलचा रॉड माणसाचं वजन पेलत नाही. आणि पायात काय आहे ते बघा. कोल्हापुरी चप्पल बाबांना आयुष्यभराची सवय असेल, पण तिला मागे पट्टा नसतो आणि चामड्याचा गुळगुळीत तळ ओल्या फरशीवर धरत नाही. घरात मागून बंद, रबरी तळाचं पादत्राण द्या.

पुन्हा पडले तर लगेच उचलून बसवू नका. एक पाय आखूड आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं दिसलं तर खुब्याजवळचं हाड मोडलं असण्याची दाट शक्यता. तसंच ठेवून १०८ बोलवा. डोक्याला मार असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बाबा हसत-बोलत असले तरी रुग्णालयात न्यायचंच.

प्रश्न – आजोबांना मधुमेह आहे. घरात सगळे म्हणतात, साखर वाईट, पण आपला कोल्हापुरी गूळ चालतो. खरं आहे का? आणि शुगर एकदम कमी झाली तर मी काय करू?
– केअरटेकर, मंगळवार पेठ

उत्तर – गूळ आपल्या मातीचा अभिमान आहे, पण रक्ताला त्यातली आणि डब्यातली साखर सारखीच. त्यातली खनिजं जेमतेम, बाकी बहुतांश साखर. गुळाचा चहा म्हणजे साखरेचाच चहा धरा.

शुगर ७० च्या खाली गेली की कमी. तरुणाला घाम सुटतो, हात कापतात. वृद्धांत नुसता गोंधळ, चिडचिड, तोतरेपणा किंवा झोपाळूपणा दिसतो. बीपीच्या काही गोळ्या हाताची थरथर आणि धडधड झाकून टाकतात. शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे सपाट तीन-चार छोटे चमचे, अर्ध्या पेला पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. तरीही ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की भाकरी किंवा दूध-बिस्किट द्या, नाहीतर तासाभरात परत उतरते. पेढा, चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते.

एक बारकावा. आजोबांच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर आतड्यात लवकर फुटत नाही. तिथे ग्लुकोजची पावडरच लागते. पाकिटावरची नावं आजच वाचा आणि पावडर घरात ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा.

प्रश्न – अर्धांगाच्या पेशंटला कपडे घालताना रोज झटापट होते. खांदा दुखतो म्हणून ओरडतात.
– रुग्णसाहाय्यक, गडहिंग्लज

उत्तर – घालताना आधी दुबळी बाजू, काढताना आधी चांगली बाजू. लुळ्या हाताला धरून कधीच ओढू नका किंवा उचलू नका. खांद्याचा सांधा स्नायूंनी जागेवर धरलेला असतो. ते सैल पडले की हाताच्या वजनानेच सांधा निसटतो. कोपर आणि मनगट दोन्हीकडून आधार देऊन हात हलवा, बसवल्यावर मांडीवरच्या उशीवर ठेवा. सदरा पुढून उघडणारा घ्या. चालवताना तुम्ही दुबळ्या बाजूला, काठी चांगल्या हातात.

प्रश्न – काकांना भरवताना खोकला येतो. पाणी पाजलं की जास्तच. पातळ दिलं तर सोपं जाईल म्हणून मी सगळं पातळ करते.
– मावशी, रंकाळा परिसर

उत्तर – इथेच उलटं होतंय. पातळ पदार्थ घशातून झरकन उतरतो आणि म्हाताऱ्या घशाचं झाकण तेवढ्या वेगाने मिटत नाही. थेंब श्वासनलिकेत जातात आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. सर्वांत अवघड ते पातळ आणि तुकडे एकत्र असलेलं. रश्श्यात बुडालेले तुकडे, दुधातले पोहे. एकजीव, चमच्यावर टिकेल असं द्या. आमटीत भिजवून कुस्करलेली भाकरी, घोटलेला मऊ भात, दही. पाणी किती दाट करायचं हे डॉक्टर किंवा गिळण्याचे थेरपिस्ट ठरवतील, त्यांना दाखवाच.

भरवताना पूर्ण ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. तुम्ही उभं राहून वरून भरवलं की पेशंट मान वर करतो आणि श्वासमार्ग उघडतो. म्हणून त्यांच्या समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसा. अर्धा छोटा चमचा, गिळलेलं कंठाच्या हालचालीवरून बघा, मग पुढचा. अर्धांग असेल तर दुबळ्या गालात घास साठतो, शेवटी बोटाला ओलं कापड गुंडाळून तो काढा. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवा. तोंड स्वच्छ करा, कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा. तोंडातली घाणच थुंकीबरोबर फुप्फुसात उतरते. काहींना खोकला येतच नाही, फक्त जेवणानंतर आवाज घरघरतो, पाण्यात बोलल्यासारखा. तीही धोक्याचीच खूण.

घास अडकून आवाज आणि खोकला दोन्ही बंद झाले तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब. आलटून पालटून. कुणाला तरी १०८ लावायला सांगा.

प्रश्न – आजींना ऐकू येत नाही, म्हणून मी ओरडून बोलते. त्या रडतात.
– केअरटेकर, शाहूपुरी

उत्तर – वयाने जातो तो उंच स्वर. स, श, फ, ख अशी व्यंजनं पुसट होतात, स्वर ऐकू येतात. त्यामुळे "बोलतेय हे कळतं, काय ते कळत नाही" असं होतं. ओरडलं की आवाज आणखी उंच होतो आणि चेहरा रागीट दिसतो. त्यांना वाटतं, तुम्ही रागावलात. समोर बसा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर असू द्या, टीव्ही बंद करा, आवाज जरा खाली आणून सावकाश बोला. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणण्याऐवजी शब्द बदला. कानात मळ साठलाय का ते डॉक्टरांकडून बघून घ्या, काडी घालू नका.

प्रश्न – आजोबांना आठ दिवस संडास नव्हती, आता थोडं थोडं पातळ सतत होतंय. जुलाब थांबवायची गोळी देऊ का?
– वाचक, जयसिंगपूर

उत्तर – नाही. आत घट्ट खडा अडकला असेल तर त्याच्या कडेने फक्त पाणी झिरपतं. जुलाब थांबवणारी गोळी दिली तर अडथळा पक्का होईल. डॉक्टरांना दाखवा. बोटाने काढायचा प्रयत्न घरात करू नका, त्या भागातल्या नसेवर ताण आला की हृदयाची गती एकदम उतरू शकते. पुढे पुन्हा होऊ नये म्हणून सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी कमोडवर बसवा, त्या वेळी आतडं आपसूक हलतं. पायाखाली पाट द्या. इसबगोल भरपूर पाण्याशिवाय देऊ नका, आतच फुगून बसतं.

प्रश्न – पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, जांघेत आणि छातीखाली लाल चट्टे येतात. शिवाय आमच्याकडे पुराची धास्ती. अंथरुणावरच्या माणसाचं काय करायचं?
– वाचक, शिरोळ

उत्तर – घडीच्या जागी कातडीला कातडी चिकटली, घाम साठला की बुरशी वाढते. मोठ्या लाल चट्ट्याभोवती सुटे लाल ठिपके ही तिची ओळख. धुऊन टिपा, मऊ सुती कापडाची पट्टी घडीत ठेवा, दिवसातून दोन-तीनदा बदला. कपडे दमट असतील तर इस्त्री करूनच घाला. मेडिकलमधून आणलेल्या मिश्र मलमात स्टिरॉइड असतं. दोन दिवस आराम वाटतो आणि बुरशी पसरते. बुरशीचं मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

पुराचं २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोळने सोसलंय, तुम्हाला वेगळं सांगायला नको. अंथरुणावरच्या माणसाला पाणी दारात येण्याआधी, रस्ता चालू असतानाच हलवायचं. जूनमध्येच एक पिशवी भरून दोरीला टांगून ठेवा. सात दिवसांच्या गोळ्या, गोळ्यांची यादी आणि रिपोर्टच्या प्रती प्लॅस्टिकमध्ये, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र आणि त्याचे सेल, डायपर, जादा युरिन बॅग, ग्लुकोज पावडर. वापरात असलेलं बरंचसं इन्सुलिन ३० अंशांखाली चार आठवड्यांपर्यंत फ्रिजबाहेर टिकतं, पण पाकिटावरची सूचना वाचा. वीज गेली की एअर बेड बसतो आणि ऑक्सिजनचं मशीन बंद पडतं. घरी मशीन असेल तर सिलिंडरची सोय आधी हवी. युरिन बॅग हलवताना मूत्राशयाच्या वर जाऊ देऊ नका, उलटी लघवी आत जाते. उचलण्याआधी ती रिकामी करा.

प्रश्न – ऑक्सिमीटरवर कधी ९६, कधी ८८ येतं. घाबरायचं कधी?
– ब्रदर, उचगाव

उत्तर – आधी पेशंट बघा, मग आकडा. बोट गार असेल किंवा नखाला गडद नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. हात चोळून गरम करा, दुसऱ्या बोटाला लावा, हात टेकवून अर्धं मिनिट स्थिर होऊ द्या. मशीनवरची नाडी आणि तुम्ही मनगटावर मोजलेली नाडी जुळली तरच आकडा धरा. बहुतेकांना ९५ च्या वर हवा. जुन्या दम्याच्या, म्हणजे सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) काही पेशंटना डॉक्टर ८८ ते ९२ हेच लक्ष्य देतात. तिथे घाबरून ऑक्सिजनचा फ्लो वाढवू नका, त्यांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. ओठ निळसर, श्वास घेताना मानेचे स्नायू ताणलेले, एक वाक्य एका दमात पूर्ण होत नाही, यातलं काही दिसलं तर आकडा काहीही असो, लगेच कळवा.

प्रश्न – मधुमेही आजोबांची पायाची नखं जाड झालीत. मी कापू का? आणि थंडीत पाय शेकले तर चालेल?
– केअरटेकर, फुलेवाडी

उत्तर – नखं तुम्ही कापू नका, जरासं कातडं कापलं गेलं तरी ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पायांच्या डॉक्टरांकडे किंवा सिस्टरांकडे न्या. शेकायचंही नाही. त्यांना चटका कळत नाही, गरम पिशवीने फोड आले तरी ते "बरं वाटतंय" म्हणतील. मोजे घाला. बंबाचं पाणी आधी तुमच्या कोपराने तपासा, नुसतं कोमट, ३७ अंशांच्या आत हवं. पाय भिजत ठेवू नका, बोटांच्या फटी टिपून कोरड्या करा, तेल किंवा क्रीम फटींत जाऊ देऊ नका. तळवे रोज बघा, आजोबांना खाली वाकता येत नसेल तर आरसा धरून त्यांनाही दाखवा.